गाण्यांची मेरिट लिस्ट

मंडळी, एक साधा प्रश्न. गेल्या आठवड्यात नांदेडात सगळ्यात जास्त वाजलेलं मराठी गाणं कोणतं?

बरं, ते सोडा. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या आठवड्यात लातुरात, उदगिरात, देगलूरला सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं कोणतं? कॅसेटी किती गेल्या? नाही सांगता येत ना? मलाही येत नाही. कुणालाच येत नाही, कारण कुणी मोजलंच नाही.

आता हाच प्रश्न इंग्लंडमधल्या माणसाला विचारा. १९८४ च्या जून महिन्यात 'द स्मिथ्स' या मँचेस्टरच्या बँडचं सिंगल कितव्या नंबरवर होतं? तो घड्याळात वेळ बघावी तसं सांगेल, दहाव्या. १४ नोव्हेंबर १९५२ पासून आजपर्यंत कुठलाही आठवडा काढा, त्या आठवड्याची यादी तिथे तयार आहे. ऐकणाऱ्यांची आठवण जाईल, बँड मोडतील, दुकानं बंद पडतील, पण यादी राहील.

यातली गंमत अशी की यादीचं वेड आपल्याकडे कमी नाही. लातूर पॅटर्न म्हणजे काय हो? याद्यांचंच गाव ते! बोर्डाने गुणवत्ता यादी बंद करून इतकी वर्षं झाली, तरी क्लासवाल्यांच्या होर्डिंगवर अजून फोटोंची रांग असते, मार्कांसकट, दशांश चिन्हासकट. ज्या भागात पोराच्या एका मार्काचा हिशोब चौकात लावतात, त्याच भागात अख्ख्या जिल्ह्याला नाचवणाऱ्या गाण्याचा हिशोब कुठेच नाही. मला हे नुसतं मजेशीर वाटत नाही. मला हे नुकसान वाटतं. कसं ते सांगतो.

एकोणीस दिवसांचं अंतर

सुरुवात थोडी मागून करू. १९५२ साली लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात पर्सी डिकिन्स नावाचा माणूस होता. जाहिराती मिळवायला काहीतरी नवीन हवं म्हणून त्याने वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, काय खपतंय विचारलं, बेरीज केली आणि यादी छापली. 'टॉप ट्वेल्व्ह' म्हणून छापलेल्या यादीत पंधरा रेकॉर्डस होत्या, कारण काही नंबर विभागून गेले होते. संशोधन नाही, सरकारी योजना नाही. एक माणूस, एक फोन, एक वही. आज जिला 'ऑफिशियल चार्ट' म्हणतात तिचं मूळ हे एवढंच.

त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज सगळ्यांना माहीत आहे (२०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले). पण ही गीतमाला सिलोनवरून का, आकाशवाणीवरून का नाही, यामागे एक मराठी माणूस आहे हे विसरायला होतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला आणि सिलोन लावलं. पुढे १९५७ साली विविध भारती काढावी लागली ती त्यामुळेच.

गीतमालेत सुरुवातीला सात गाणी वाजवायचे, कुठल्याही क्रमाने, आणि श्रोत्यांनी बरोबर क्रम लावून पाठवायचा. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत आकडा गेला, तेव्हा कुठे लॉटरीसारखा हा प्रकार बंद करून रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांच्या फर्माइशी यांवर खरी क्रमवारी लावायला लागले. म्हणजे मोजणीच्या बाबतीत आपण इंग्लंडच्या मागे नव्हतो. फक्त एकोणीस दिवस मागे होतो!

पण मोजलं काय? हिंदी चित्रपटगीत. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, निजामाचा डेक्कन रेडिओ आकाशवाणीने ताब्यात घेऊन दोनच वर्षं झाली होती. इथे गायली जाणारी भारुडं, पोवाडे, जलसे, जयंतीची गाणी या मोजणीच्या बाहेरच राहिली. नंतर आकाशवाणीच्या परभणी केंद्राने, नांदेड केंद्राने मराठी गाणी भरपूर ऐकवली, फर्माइशीही घेतल्या. पण ऐकवणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

'व्हेअर'ची गोष्ट

माझं रोजचं काम डेटाबेसचं. त्यामुळे यादी दिसली की मला तिच्या मागची क्वेरी दिसते. कुठलाही चार्ट म्हणजे शेवटी चार ओळींची एस्क्यूएल आहे. 'सिलेक्ट'मध्ये गाण्याचं नाव, 'ग्रुप बाय'ने बेरीज, 'ऑर्डर बाय'ने क्रम. या तिन्हींत काही राजकारण नाही, बेरीज ती बेरीज. सगळं राजकारण चौथ्या ओळीत आहे, 'व्हेअर'मध्ये. कोणती दुकानं? कोणती भाषा? कोणत्या कंपन्या? पैसे देऊन घेतलेलंच, की फुकट ऐकलेलंही? ही ओळ जो लिहितो तो पहिला नंबर ठरवतो. गाणारा नाही ठरवत.

हे सगळ्यात छान कळतं ते ब्रिटिश 'इंडी' बँडांच्या इतिहासातून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे छोट्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचं पीक आलं. कुणी घरातून, कुणी दुकानाच्या मागच्या खोलीतून रेकॉर्ड काढायचं. त्या खपायच्याही. पण ज्या छोट्या दुकानांत त्या खपायच्या त्यांचं मुख्य यादीच्या नमुन्यात फारसं वजन नव्हतं. मग चेरी रेड नावाच्या कंपनीच्या इयान मॅकने याने सुचवलं की यांची वेगळी यादी करा. जानेवारी १९८० मध्ये 'रेकॉर्ड बिझनेस'ने ती सुरू केली. अट एकच होती. रेकॉर्डचं वितरण मोठ्या कंपन्यांच्या साखळीबाहेरून झालेलं हवं. संगीत कसलं आहे, गिटार आहे की ढोलकी, याचा काही संबंध नव्हता. बस, 'व्हेअर'ची एक ओळ बदलली.

परिणाम बघा. 'द स्मिथ्स' १९८७ मध्ये मोडले. तोवर मुख्य यादीत त्यांचं एकही सिंगल दहाच्या वर गेलं नव्हतं. इंडी यादीत मात्र त्यांची बहुतेक सगळी सिंगल्स पहिल्या नंबरावर! लोक तेच, गाणी तीच, फक्त मोजणी वेगळी. आणि त्या वेगळ्या मोजणीमुळे दुकानदाराला, परदेशी वितरकाला, मासिकाच्या संपादकाला दाखवायला हातात एक कागद आला. कंपन्या तगल्या, बँड तगले. हळूहळू 'इंडी' हा वितरणाचा शब्द संगीताच्या एका प्रकाराचंच नाव होऊन बसला. म्हणजे यादीने आहे ते मोजलं, आणि मोजता मोजता एक अख्खी जात तयार केली.

या यादीचे विनोदही झाले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणी इंडी यादीत वर दिसायला लागली, कारण तिच्या कंपनीचं वितरण स्वतंत्र होतं. उलट 'न्यू ऑर्डर'चं 'ब्लू मंडे' हे १९८३ चं बारा इंची सिंगल तुफान खपलं, पण त्याला तेव्हा गोल्ड डिस्क मिळाली नाही, कारण त्यांची फॅक्टरी ही कंपनी त्या संघटनेची सभासदच नव्हती. 'व्हेअर'मध्ये बसलं नाही की लाखोंनी खपूनही तुम्ही नाही.

चार्ट खोटं बोलतात, कबूल

आता कुणी म्हणेल, चार्टला एवढं काय डोक्यावर घ्यायचं? पहिला नंबर म्हणजे चांगलं गाणं थोडंच?

शंभर टक्के मान्य. १९९५ चंच वर्ष घ्या. पल्प बँडचं 'कॉमन पीपल' दुसऱ्या नंबरावर अडकलं. त्याच वर्षी ओअॅसिसचं 'वंडरवॉल' दुसऱ्या नंबरावर अडकलं. दोन्ही वेळा वर कोण होतं माहीत आहे? रॉब्सन आणि जेरोम. टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनी गाणी नव्याने गाणारे. आज 'वंडरवॉल' पुण्याच्या कॉलेजच्या कट्ट्यावर गिटार घेऊन बसलेला पोरगाही वाजवतो. रॉब्सन-जेरोमला कोण वाजवतं?

त्याच ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओअॅसिसची सुप्रसिद्ध मारामारी झाली. एकाच दिवशी दोघांची सिंगल्स बाजारात. ब्लर सुमारे २ लाख ७४ हजार, ओअॅसिस २ लाख १६ हजार. ब्लर जिंकले. नंतर अल्बम आले आणि ओअॅसिसने त्यांना कुठल्या कुठे मागे टाकलं. म्हणजे आठवड्याची यादी आठवड्याचंच सांगते. तिच्याकडून पन्नास वर्षांचं भविष्य मागू नये.

पण मंडळी, हे सगळं मी इथे बसून कशाच्या जोरावर लिहू शकलो? यादी चुकली असं म्हणायला आधी यादी असावी लागते. 'वंडरवॉल'वर अन्याय झाला हे पुराव्यानिशी सांगता येतं, कारण त्या आठवड्याचे आकडे आहेत. आपल्याकडे कुठल्या गाण्यावर अन्याय झाला हेसुद्धा सांगता येत नाही. खोटी यादी तपासता येते, नसलेल्या यादीशी भांडताही येत नाही.

आपली सिंगल्स

मराठवाड्यात सिंगल कुठून आलं, इथे सगळं चित्रपटाचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅलेंडर काढावं. १९ फेब्रुवारी, शिवजयंती. १४ एप्रिल, भीमजयंती. मग गणपती. मग लग्नसराई. ६ डिसेंबर. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा. यातल्या प्रत्येक तारखेआधी दोन-तीन आठवडे नवीन गाणी येतात. एकेकटी येतात, चित्रपटाशिवाय येतात, कुठल्या मोठ्या कंपनीशिवाय येतात. इंग्लंडात नाताळाचा पहिला नंबर कुणाचा यावर पैजा लागतात, तसा आपला नाताळ म्हणजे १४ एप्रिल! फरक एवढाच की पैज लावायला निकाल लागत नाही.

आणि हे आजचं नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गाणी लिहिली. ती गावोगाव गेली ती वहीतून, गायकांच्या तोंडून, जलशातून. प्रल्हाद शिंदे, मग आनंद शिंदे-मिलिंद शिंदे, मग आदर्श शिंदे, एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी महाराष्ट्र गाजवला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं पाटीवर, हातगाडीवर, यात्रेच्या पालात आली. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला जो बाजार भरतो त्यात पुस्तकांच्या जोडीला गाण्यांची दुकानं असायचीच. मग सीडी आली. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे तो जमाना आला. आता पेन ड्राइव्ह आणि यूट्यूब.

इंडीची मूळ व्याख्या आठवा, मोठ्या साखळीबाहेरचं वितरण. या व्याख्येने बघितलं तर माळेगावच्या यात्रेतलं कॅसेटचं पाल मँचेस्टरच्या कुठल्याही दुकानापेक्षा जास्त इंडी होतं. फक्त त्या पालात कुणी फोन करून विचारलं नाही, 'काय खपतंय बाप्पा?'

आता तर सगळं मोजलं जातं ना?

असं वाटतं खरं. यूट्यूबवर व्ह्यूज दिसतात, मग चार्ट कशाला?

पहिली गोष्ट, आकडा दिसतो म्हणजे मोजणी झाली असं नाही. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. यूट्यूबने तो विक्रम म्हणून मिरवला नाही, आणि सप्टेंबरमध्ये सांगून टाकलं की जाहिरात म्हणून दाखवलेले व्ह्यूज यापुढे आमच्या संगीताच्या याद्यांत धरणार नाही. म्हणजे पुन्हा तेच, 'व्हेअर' बदलला. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत त्या आपल्याकडच्या पोरांचे व्ह्यूज आधी खरेच होते, पण कोट्यवधींच्या शेजारी ते केविलवाणे दिसायचे.

दुसरी गोष्ट चालीची. जयंतीची कितीतरी गाणी गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर असतात. ही जुनी परंपरा आहे, लोकांना चाल पाठ असते, शब्द लगेच चढतात. पण यूट्यूबचं कंटेंट आयडी चाल ओळखू शकतं. चाल जुळली की त्या व्हिडिओची कमाई मूळ मालकाकडे वळू शकते, किंवा व्हिडिओच अडकतो. कायद्याने त्यात चूक नाही. पण शब्द कुणाचे, गायलं कुणी, ऐकलं कुणी आणि हिशोब कुणाच्या वहीत, एवढं तरी दिसायला हवं.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल. आपल्या देशातल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना आहे, इंडियन म्युझिक इंडस्ट्री, १९३६ पासूनची. तिने २०२१ साली देशातली अधिकृत सिंगल्सची यादी सुरू केली. दर आठवड्याला वीस गाणी. आणि 'व्हेअर' काय? फक्त आंतरराष्ट्रीय गाणी! म्हणजे भारतात इंग्रजी आणि कोरियन गाणी किती ऐकली गेली याची यादी भारतीय संघटना करते, आणि मराठीचा त्यात प्रश्नच येत नाही. त्यांची काही कारणं असतील. पण चित्र काय दिसतं बघा. लंडनचा बँड नांदेडात किती ऐकला जातो हे निदान देशाच्या बेरजेत येतं, नांदेडचा गायक नांदेडात किती ऐकला जातो हे कुठेच येत नाही.

अपवाद आहेत, आणि ते सुखद आहेत. २०१६ साली 'सैराट' आला आणि अजय-अतुलचं 'झिंगाट' देशभर वाजलं, इतकं की २०१८ च्या हिंदी 'धडक'मध्येही तेच ठेवावं लागलं. पण त्याच्यामागे चित्रपट होता. २०२४ चं 'गुलाबी साडी' जास्त बोलकं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा समाजातून आलेला संजू राठोड, चित्रपट नाही, काही नाही, सुटं गाणं. रील्सवर देशभर पसरलं, मराठी न येणारेही नाचले. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजचं असंच झालं होतं. कार्यक्रमात फुकट वाटलेल्या सीड्या चाहत्यांनी नेटवर टाकल्या आणि ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचं सिंगल थेट पहिल्या नंबरावर. पण एक फरक आहे. आर्क्टिक मंकीजच्या आधी पंचवीस वर्षं तिथे इंडी यादी होती, म्हणून त्यांच्यामागे डोमिनोसारखी छोटी कंपनी उभी होती. आपल्याकडे एक संजू राठोड दिसतो. त्याच्या मागे अकराव्या, बाराव्या, विसाव्या नंबरावर कोण होतं ते दिसत नाही. आणि माझ्या मते यादीचा खरा उपयोग पहिल्यासाठी नसतो, विसाव्यासाठी असतो. पहिला तसाही कळतो!

पैशाचं बोलू

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क त्यांना लिहून देऊनही सोडता येणार नाही असं ठरलं. फार मोठी गोष्ट. पण रॉयल्टी वाटायची कशी? कोणतं गाणं किती वाजलं यावर. आणि ते कळणार कुठून? नोंदीवरून. गाण्याच्या नोंदीत गीतकाराचा रकानाच रिकामा असेल तर हक्क असून उपयोग काय? आपल्याकडच्या गाण्यांचे व्हिडिओ उघडून बघा. गायकाचं नाव मोठं, चॅनेलचं त्याहून मोठं, डीजेचं सगळ्यात मोठं. शब्द ज्याचे आहेत तो कितीदा नसतोच.

त्यात आपला सगळ्यात मोठा श्रोता म्हणजे वरात. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात लग्न, वरात, धार्मिक समारंभ यांत गाणं वाजवायला परवाना लागत नाही अशी सूट आहे. ही सूट योग्यच आहे, नवरदेवाच्या बापाकडून गाण्यामागे पैसे मागायचे म्हणजे अति झालं. पण जिथे पैसे लागत नाहीत तिथे नोंदही होत नाही. इंग्लंडात गाणं दुकानातून विकत घेतलं जायचं म्हणून मोजलं गेलं. आपलं गाणं रस्त्यावर वाजतं, फुकट वाजतं, म्हणून ते हवेत विरतं.

'आमच्या गाण्याला नंबर नको'

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जयंतीचं गाणं ही स्पर्धेची वस्तू नाही. बाबासाहेबांच्या गाण्याला कसला आलाय दहावा नंबर? अभंगाला नंबर लावाल का? शिवाय ज्या जिल्ह्यात २०२३ सालीही गावात आंबेडकर जयंती साजरी केली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला असा आरोप होतो, तिथे मिरवणूक निघणं हीच मोठी गोष्ट आहे. तिथे कुठला चार्ट आणि कुठली सिंगल्स?

मला हा आक्षेप समजतो, पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. ज्या गाण्यासाठी माणसाला किंमत मोजावी लागते त्या गाण्याची तरी नोंद राहायला हवी. नंबर नको असेल तर नंबर लावू नका, अकारविल्हे लावा! पण या एप्रिलमध्ये ही पन्नास गाणी आली, यांनी लिहिली, यांनी गायली, या गावांत वाजली, एवढं लिहून ठेवा. तीस वर्षांनी कुणी विचारलं की तेव्हा मराठवाडा काय गात होता, तर उत्तर हवं. १९९४ चं उत्तर आपण घालवलंच आहे.

दुसरा आक्षेप असा की यादी आली की लबाडी येते. येणारच. गीतमालेच्या काळातही दुकानांतून स्वतःच्याच रेकॉर्ड उचलणारे निर्माते होते, म्हणून तर श्रोता संघांच्या पसंतीला वजन दिलं गेलं. इंग्लंडात १९८३ पासून दुकानांची विक्री यंत्राने गोळा व्हायला लागली, २००५ मध्ये डाउनलोड धरले, २०१४ मध्ये स्ट्रीमिंग धरलं. २०१७ मध्ये एड शीरनची तब्बल सोळा गाणी एकाच वेळी पहिल्या विसात आली तेव्हा एका कलाकाराची तीनच गाणी असा नियम आला. लबाडी किंवा विचित्रपणा दिसला की नियम बदलायचा, आणि बदलला हे उघड सांगायचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो. पहिल्या आवृत्तीत बग असतो म्हणून कुणी पहिली आवृत्ती काढायचं थांबत नाही.

मग करायचं काय?

पर्सी डिकिन्सने केलं तेच. वीस फोन.

नांदेड आणि लातूर मिळून वीस माणसं ठरवा. सहा डीजेवाले, चार बँडवाले, चार ऑर्केस्ट्रावाले, दोन केबल चॅनेलवाले, दोन रेडिओवरच्या फर्माइशी बघणारे, दोन मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक. दर सोमवारी प्रत्येकाला एकच प्रश्न: या आठवड्यात लोकांनी कोणती दहा मराठी गाणी मागितली? 'तुम्ही वाजवली' नाही, 'लोकांनी मागितली'. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. बेरीज करा. गुण सारखे आले तर नंबर विभागून द्या, लंडनच्या पहिल्या यादीतही विभागून दिले होते.

रकाने पाचच ठेवा: गाणं, गीतकार, गायक, संगीतकार, चाल मूळची की घेतलेली. गीतकार माहीत नसेल तर तिथे 'अज्ञात' असं ठळक लिहा आणि वाचकांना विचारा. मला तर वाटतं निम्मं काम या एका रकान्यानेच होईल. आपल्या मामाचं, आपल्या गावच्या शाहिराचं नाव 'अज्ञात' छापलेलं दिसलं की फोन येतीलच.

हे कुणी करावं? नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प लागतातच. छापायला नांदेडचं 'प्रजावाणी' आहे, लातूरचं 'एकमत' आहे, रविवारच्या पानावर चार इंच जागा. खर्च म्हणाल तर फोनचा रिचार्ज आणि एक स्प्रेडशीट. सर्व्हर लागत नाही, अॅप लागत नाही, स्टार्टअप तर अजिबात लागत नाही. (हे एका सॉफ्टवेअरवाल्याने म्हणावं म्हणजे बघा!)

वीस फोनांवरची यादी अपुरी असेल, थोडी वाकडीही असेल. एखाद्या आठवड्यात आपला रॉब्सन-जेरोम वर बसेल आणि चांगलं गाणं दुसऱ्या नंबरावर कुढत राहील. बसू दे. त्यावर चहाच्या टपरीवर भांडणं होतील, डीजेवाले एकमेकांना नावं ठेवतील, गायकांचे भाचे फोन करून शिव्या देतील. गाण्यावरून भांडायला निदान काहीतरी छापील हातात असेल. सध्या आपण फक्त मार्कांवरून भांडतो.

पुढची १४ एप्रिल यायला अजून वेळ आहे. वही आजपासून घालता येते.